सोनटक्क्यांच्या दारातल्या चपला

काल कूलरला नव्या ताट्या बसवल्या. हे काम दरवर्षी मी स्वतः करतो, म्हणजे शिडीवर मी असतो आणि कसं करायचं ते खालून बायको सांगते. पंप सुरू झाला, वाळ्यावरून पाणी झिरपलं, आणि पहिला ओला वास खोलीत शिरला तसे माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. या वासानं लोकांना म्हणे आजोळ आठवतं, आमरस आठवतो. मला दुसऱ्याचं बंद घर आठवतं.

सोफ्यावर बसलेल्या आईनंही नाक वर करून वास घेतला. तिला आता दिसत नाही, पण ऋतू तिला आमच्याआधी कळतात.

"लागला का कूलर?" ती म्हणाली. "मंग सोनटक्क्याची किल्ली येईल आता."

नागपूरच्या मे महिन्यात खरी मध्यरात्र दुपारी होते. रात्री निदान चौकातल्या पानठेल्यावर चार माणसं असतात, कुत्री भुंकतात, कोणाच्या तरी गच्चीवर हसणं चालू असतं. दुपारी बारानंतर मात्र आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कोणी नसतं. डांबर मऊ झालेलं, कुत्री नालीत उतरलेली, खिडक्यांना पडदे आणि पडद्यांना पाणी मारलेलं. अशा वेळी रस्त्यानं चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज मागून येतो. बाबूजी, म्हणजे माझे वडील, या सगळ्याला हसायचे. आमच्या जुन्या वस्तीत एक चिंच होती, तिच्याखाली भर दुपारी जायचं नाही असं सगळे म्हणत. बाबूजी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम खाट टाकून तिथं पेपर वाचत बसायचे. भूत आलं तर त्यालाही अग्रलेख वाचून दाखवीन, असं म्हणायचे. कोणी आलं नाही, आणि त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटत असावं.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्याची सुरुवात मात्र गारेगार जागी झाली. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खोलीत. आईला काचबिंदू निघाला होता आणि बराच पुढे गेला होता. "कडेकडेनं मिटत येतं," डॉक्टर म्हणाले. "नळीतून पाहिल्यासारखं होतं. थेंबांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येत नाही." मग चष्मा काढून, जरा घरच्यासारखं, म्हणाले, "काही पाहायचं राहिलं असेल आजीचं, तर दाखवून आणा."

खाली रसवंतीवर आईनं उसाचा रस संपवला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "समुद्र राहिला गा."

देशाच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला समुद्र कुठूनही लांबच. पण आईचं समुद्राचं राहणं जरा जास्तच विनोदी होतं, कारण बाबूजी रेल्वेत होते. पास होता, गाडी होती, बायकोला समुद्र दाखवायची इच्छाही होती. सुट्टी नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, असं ते दर उन्हाळ्यात म्हणाले आणि एका हिवाळ्यात गेले. त्यानंतर आम्ही जुनी वस्ती सोडून या लेआउटमध्ये राहायला आलो.

तर समुद्र दाखवायचा होता, आणि तो लवकर दाखवायचा होता. अडचण नेहमीचीच. मी विमा कंपनीच्या ऑफिसात, बायको वैशाली धंतोलीच्या एका लॅबमध्ये. सकाळी लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी माझं, असं मी एकदा म्हणालो होतो. एकदाच. मुलगी मिताली आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, घरात ती आहे की नाही हे तिच्या कॉफीच्या कपांवरून कळायचं. आमचे पगार यायचे आणि फ्लॅटचा हप्ता, फी, औषधं अशा ओळखीच्या वाटांनी निघून जायचे. समुद्राकडे जाणारी वाट त्यात नव्हती. वरचे पैसे उभे करणं भाग होतं.

मग आम्ही उद्योगपती झालो. आधी संत्र्याची बर्फी केली. ती कापायला करवत कुठं मिळेल असं माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारलं. मग मी शेजारच्या मुलीची गणिताची शिकवणी घेतली. तिची आई लवकरच मिठाई घेऊन आली आणि शिकवणी बंद करायची परवानगी मागितली. मग वैशालीच्या ओळखीनं समोरची खोली पेशंटच्या नातेवाइकांना दिली. खाप्याहून, रामटेकहून, कुठून कुठून लोक यायचे, धंतोलीतल्या दवाखान्यांत त्यांचं कोणी भरती असायचं. ही कल्पना उत्तम होती. फक्त आई त्यांच्याजवळ बसून त्यांच्याइतकीच रडायची, त्यांना वरण-भात खाऊ घालायची आणि निघताना त्यांनी पुढे केलेले पैसे परत त्यांच्याच पिशवीत कोंबायची. "आजारी माणसाच्या घरचा पैसा घेऊन समुद्र पाहू काय मी?" त्या धंद्यात आम्हीच बुडालो, आणि तेही समुद्राच्या आधी.

शेवटी उपाय दारात चालत आला. मागच्या गल्लीतले सोनटक्के काका-काकू मुलाकडे अमेरिकेत निघाले होते. घर कोणाच्या भरवशावर ठेवायचं, ही त्यांची चिंता. झाडांना पाणी, कूलर अधूनमधून चालवायचा, घरात कोणी आहे असं वाटत राहिलं पाहिजे. मोबदला देऊ म्हणाले, आणि तो चांगला होता. एकाचं ऐकून दुसऱ्यानं विचारलं. बघता बघता आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर लेआउटमधली निम्मी घरं लटकू लागली. सगळे थंड हवेच्या ठिकाणी निघालेले, आणि त्यांच्या सुट्टीवर आमची सुट्टी उभी राहणार. गणितात मी कच्चा असलो तरी एवढा हिशोब मला कळला आणि मी मिशीत हसलो.

दुसऱ्याच्या बंद घरात तुम्ही कधी एकटे गेला आहात का? कुलूप उघडलं की आतली हवा अंगावर येते. त्या घराची फोडणी, त्यांचं तेल, त्यांची पावडर असा त्या माणसांचा वास, आणि माणसं नाहीत. फ्रिज मध्येच गुरगुरतो. घड्याळ चालू असतं, कोणासाठी कोण जाणे. शोकेसच्या काचेत एक जाडसर माणूस दबकत चाललेला दिसतो, आणि तो आपणच आहोत हे कळायला वेळ लागतो. मी झाडांना पाणी घालताना मोठ्यानं बोलायचो. "हं, जास्वंदबाई, प्या." घराला कळावं, मी चोर नाही.

सोनटक्के काकूंनी निघताना सूचना दिल्या. सगळ्यात शेवटी, जरा चाचरत, म्हणाल्या, "संध्याकाळी देवाजवळ दिवा लावावा लागेल हो. म्हणजे... तुमच्यात चालतं ना?" आमच्या घरात देव्हारा नाही. बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती असते, दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणं असतं. मी उत्तर जुळवत होतो, तोवर आई म्हणाली, "दिव्याले काय समजते वं बाई, कोणं लावला? मी लावीन." काकूंचा जीव भांड्यात पडला.

आणि काकांनी एक गोष्ट सुचवली. दारात बाप्याच्या चपला ठेवा, चोर बिचकतो.

माझ्या चपला एकच जोड, तो पायात. वैशालीनं माळा उपसला, तेव्हा एका कापडी पिशवीत बाबूजींच्या चपला मिळाल्या. तपकिरी, अंगठ्याच्या, टाचेला टायरचा तुकडा मारलेल्या. त्यांचाच एक पांढरा शर्टही होता. "चोराला काय माहीत कोणाच्या," मी म्हणालो. चपला सोनटक्क्यांच्या दारात ठेवल्या, आत गेलेल्या माणसाच्या असतात तशा, तोंडं दाराकडे. शर्ट व्हरांड्यातल्या दोरीवर, बंगईच्या मागे टाकला. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा, लाकडी फळीचा, चार साखळ्यांवरचा. लांबून पाहिलं आणि मला माझंच कौतुक वाटलं. घर अगदी भरलेलं दिसत होतं.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हेच डोक्यात आलं नाही.

पहिले काही दिवस मिताली आईला हात धरून दिवा लावायला नेत असे. मग मितालीचं सबमिशन आलं आणि आई म्हणाली, गल्ली पाठ झाली आहे, मी जाईन. भिंतीला हात लावत जायची. आम्ही सगळे कामात. दिवा लागतो आहे, घर पाहिलं जातं आहे, पैसे जमताहेत. आई मात्र परत यायला उशीर करू लागली. आणि खुशीत येऊ लागली. जेवताना स्वतःशीच हसायची. केसांना तेल लावून, धुतलेलं लुगडं नेसून दिवा लावायला जायची.

मग एक दिवस मी घरच्या ग्रुपवर विचारलं, सोनटक्क्यांचा पेपर बंद करायचा राहिला होता, तो रोज उचलून बंगईवर कोण ठेवतं? वैशालीला वाटत होतं मी. मला वाटत होतं मिताली. मिताली म्हणाली, "बाबा, सबमिशन आल्यापासून मी तिकडे गेलेच नाहीये." बरं, नुसता ठेवलेला नसायचा. उभ्या घडीवर घडी घालून तळहातात मावेल एवढा केलेला असायचा. पेपर असा दुमडणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला होता, आणि तो चिंचेखाली बसायचा.

"हवा असेल," संध्याकाळी स्वयंपाकघरात वैशाली म्हणाली. हवा पेपर उडवते, घडी करत नाही, हे तिलाही माहीत होतं. ती जेवढ्या जोरात भाजी ढवळू लागली त्यावरून कळत होतं.

सोनटक्क्यांच्या समोर रेवतकर सर राहतात. रिटायर्ड पीटी मास्तर. संध्याकाळी अंगणात पाणी मारून खुर्ची टाकतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची हजेरी घेतात. बाबूजींना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. आम्ही इथं येण्याआधीच ते गेले होते. तर एका संध्याकाळी मी जात असताना सर म्हणाले, "तुमचे वडील मोठे शिस्तीचे दिसतात गा."

"माझे वडील?"

"ते काय, बंगईवर बसून राहतात ना. पांढरा शर्ट. पेपर वाचतात. नमस्कार केला तर पाहत नाहीत. मग मी एक दिवस जयभीम म्हटलं, तर हात वर केला त्यांनी."

सरांचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड आहे. दोरीवर शर्ट आहे. शर्ट वाऱ्यानं हलतो, बाही वर होते. हे सगळं मी मनात एका ओळीत लावलं आणि मग लक्षात आलं की संध्याकाळभर पान हललं नव्हतं.

मी सोनटक्क्यांचं गेट उघडलं. ऊन उतरलं होतं, तरी भिंती तापलेल्याच होत्या. दारात चपला होत्या. तोंडं बाहेरच्या बाजूला.

हे नीट सांगायला हवं. बाबूजी कुठंही गेले तरी चपला काढल्यावर वाकून त्यांची तोंडं बाहेर फिरवून ठेवायचे. ड्युटीची सवय. निघताना वेळ जायला नको. पाहुण्यांकडे गेलो की आम्हा मुलांना लाज वाटायची, वाटायचं, आलो नाही तोच जायची घाई. हे त्या गल्लीत कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

आत देव्हाऱ्यात दिवा लागला होता. व्हरांड्याच्या कोपऱ्यात आई बंगईवर बसली होती. मधोमध नाही, एका टोकाला, शेजारी माणसाएवढी जागा सोडून. एका टोकाला कोणी बसलं की बंगई त्या बाजूला कलते, लहान पोरालाही ठाऊक असतं. ती कलली नव्हती. फळी सपाट होती, आणि हळूहळू झोके घेत होती. आईचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

"आई, कोणाशी बोलून राहिली?" मी विचारलं.

"तुले काय करायचं? आमचं दोघांचं चालू आहे."

"आई, चल घरी."

"मले पहिल्याच दिवशी दिसल्या," ती शांतपणे म्हणाली. "बाकी सगळं धुकं. पण माझ्या नजरेच्या त्या गोलात बरोबर चपला आल्या. तोंड बाहेर केलेल्या. मी म्हटलं, आले वाटते."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. विमा कंपनीतला माणूस मी, दाव्यामागचं खरं कारण शोधणं हे माझं काम. मी सांगून टाकलं, की त्या चपला आम्ही ठेवल्या, चोरांसाठी, माळ्यावरून काढून.

आईनं मान डोलावली. "ठेवल्या तुम्ही," ती म्हणाली. "फिरवल्या कोणं?"

त्या रात्रीच्या जेवणात आणखी एक गोष्ट बाहेर आली. तिकिटं काढलेली होती, कोकणात खोली ठरवलेली होती, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, संपायच्या आत निघायचं होतं, आणि आई म्हणाली, "मी नाही येत समुद्राले."

"काहून?" आम्ही तिघंही एकदम.

"आत्ता कुठं भेटले. एकटं टाकून जाऊ काय त्यायले, लोकाच्या घरी?"

मी समजावलं. मी चिडलो. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हा उन्हाळा गेला तर पुढच्या उन्हाळ्यात पाहायला डोळे नसतील, हे तिच्या तोंडावर कोण बोलणार? ती ऐकत होती आणि वरण-भात कालवत होती. तिच्या ताटात भात कुठं संपतो ते तिला दिसत नव्हतं, बोटं ताटाच्या कडेला जाऊन परत येत होती. पाहायचं तिलाच होतं आणि नाही तीच म्हणत होती. बाबूजी असते तर तिची समजूत त्यांनीच घातली असती. पण अडचण हीच होती की ते होते. बरं, असलेच तरी स्वतःच्या भुतावर त्यांनी अजिबात विश्वास ठेवला नसता.

वैशालीनं आमची ताटं उचलली आणि सिंकजवळूनच म्हणाली, "मग बाबूजींनाही घेऊन चला की. त्यात काय?"

आई थांबली.

"आजोबांचं तिकीट?" मिताली म्हणाली. ती गंमत करत होती की नाही, मला आजही माहीत नाही.

"त्यायचा पास आहे," आई म्हणाली, आणि तिनं भात संपवला.

निघायच्या दिवशी आई स्वतः सोनटक्क्यांच्या दारात गेली, चपला उचलल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी छातीशी धरून परत आली. चाव्या त्या दिवसांपुरत्या रेवतकर सरांकडे दिल्या. गाडीत आईशेजारच्या खिडकीच्या जागेवर प्रवासभर कोणी बसलं नाही. डबा खच्चून भरलेला. लोक यायचे, त्या जागेकडे पाहायचे, "कोणी आहे का?" विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते द्यायची वेळ आली नाही.

समुद्र. मी त्याचं वर्णन करणार नाही, समुद्रकाठच्या लोकांना हसू येईल. आम्ही नागपूरची माणसं त्याच्यासमोर अशी उभी राहिलो जणू कोणा खूप मोठ्या साहेबांना भेटायला आलो आहोत आणि आत बोलावणं व्हायचं आहे. आईनं चपला पिशवीतून काढून माझ्या हातात दिल्या. मी त्या कोरड्या वाळूवर ठेवल्या, तोंडं पाण्याकडे. दाखवायचा तर नीट दाखवावा.

वैशाली आणि मितालीनं आईला धरून पाण्यात नेलं. लाट तिच्या पायांवरून गेली तशी ती हसली, एवढ्याशा पोरीसारखी. मग तिनं डोळे बारीक केले. त्या तिच्या गोलातून पाहू लागली.

"एवढाच?" ती म्हणाली.

एवढ्या लांबून, एवढ्या उपद्व्यापांनी, आणि तिला दिसला तो वाटीएवढा समुद्र. मी म्हणालो, "मान फिरव, आई. हळूहळू सगळा दिसेल." तिनं डावीकडे थोडी मान फिरवली. मग थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "मी एवढा पाहते. उरलेला त्यायले पाहू दे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. रेवतकर सर. मला वाटलं, चोरी झाली.

"सगळं ठीक आहे गा," सर म्हणाले. "दिवा लावून आलो. विचारायचं एवढंच, आज बंगई रिकामी दिसून राहिली. काका कुठी गेले?"

मी वाळूवरच्या चपलांकडे पाहिलं.

"आमच्यासोबत आलेत, सर," मी म्हणालो. "फिरायला."

"बरं केलं. बसून बसून कंटाळले होते."

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. चपला घ्यायला मी वळलो. आसपास वाळू कोरडी होती, पाणी तिथवर आलं नव्हतं, आमच्याशिवाय कोणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. चपलांची तोंडं रस्त्याकडे होती. निघताना वेळ जायला नको. मी त्या उचलल्या आणि पिशवीत घातल्या.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आईचा तो गोल मिटला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, हळूहळू, कडेकडेनं. ती रडली नाही. पण कधी कधी दुपारी, कूलरसमोर बसून, ती समुद्र सांगते. तिनं पाहिलेला वाटीएवढा नाही, उरलेला. उजवीकडे एक उपडी घातलेली होडी होती, निळी, रंग उडालेली, तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं आणि त्याचा एक कान तुटका होता. होतं तसं कुत्रं. मी पाहिलं होतं. तिनं तिकडे मान वळवलीच नव्हती, आणि मी तिला कधी सांगितलं नाही. वैशालीनं नाही, मितालीनं नाही. तिला कोणी सांगितलं, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

आज संध्याकाळी सोनटक्के काकू किल्ली देऊन गेल्या. यंदा पुन्हा अमेरिका. यंदा आमची गरज तेवढी नाही, मिताली नोकरीला लागली आहे, पण नाही म्हणायला मला जमलं नाही. किल्ली खिळ्यावर अडकवतानाचा आवाज आईनं ऐकला आणि हात पुढे केला. मी पिशवी दिली. तिनं चपला मांडीवर घेतल्या, पदरानं पुसल्या. टाचेच्या शिवणीतून अजूनही थोडी वाळू निघते.

"जा, ठेवून ये," ती म्हणाली.

मी दारापर्यंत गेलो. मागून तिनं हाक मारली.

"तोंडं आतच कर बरं. बाहेर करायचं ते पाहून घेतील."